दोन डाव्या बाह्या

आमच्या दुकानात मी शिवते आणि धाकटी बहीण बेतते. म्हणजे, बेतायची. आठ महिने तिनं कात्रीला हात लावला नव्हता. डॉक्टर म्हणाले, नैराश्य आहे. त्यांनी गोळ्या दिल्या आणि समुपदेशक बाईंकडे पाठवलं.

माझा आपला एकच धोशा, "अगं, वाईट विचार करूच नकोस!" त्यावर ती उशीत तोंड खुपसायची. शेवटी त्या बाईंनी मलाच बोलावून घेतलं. "विचार येणारच. ते ढकलायचे नाहीत, नुसते बघायचे, हे शिकवतेय मी तिला. तुम्ही जरा गप्प बसाल?" मला! गप्प! जे माझ्या आईला जन्मात जमलं नाही, ते करायला ही बाई निघाली.

मग रोज सकाळी धाकटी दहा मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देत बसायची. मध्येच पुटपुटायची, "मी बिनकामाची आहे, असा विचार आलाय."

"आलाय तर आलाय, चहा विचारू का त्याला?" मी म्हटलं. ती हसली नाही. पण दोनेक महिन्यांनी आपणहून म्हणाली, "ताई, उद्या दुकानात येते. बेतायला."

पहिलंच काम आलं ते चौकडीच्या कोटाचं. चौकड्या जुळायला हव्यात म्हणून तिनं कापड दुमडलं नाही, एकेरीच पसरलं. आखलं, कापलं. मी बाह्या जोडायला घेतल्या आणि बघते तर काय! दोन्ही डाव्या! दुसऱ्या बाहीला कागदी खाका उलटा करून ठेवायचा राहिला होता, आणि कापडाला सुलट बाजू एकच. बारा वर्षं बेतणारीनं शिकाऊ पोरीची चूक केली होती.

लपवावं म्हटलं, पण तिनं पाहिलंच. चेहरा पांढराफटक पडला. आता ही घरी जाणार, पांघरूण ओढणार आणि पुन्हा उठणार नाही, अशी भीती वाटली मला. जिभेवर आलेलं ते नेहमीचं वाक्य मी कसंबसं गिळलं.

ती स्टुलावर बसली. डोळे मिटले. एक श्वास, दुसरा, तिसरा. मग मोठ्यानं म्हणाली, "माझ्याच्यानं आता काही होणार नाही, असा विचार आलाय." जरा थांबली. "जात नाहीये. बरं, बसू दे." आणि डोळे उघडून विचारलं, "कापड किती उरलंय?"

"वीतभर कमी पडेल."

"मग काखेत जोड देऊ. तिथं कोण डोकावतंय?" तिनं दोन्ही बाह्या उचलून बघितल्या. "नाहीतर दोन डाव्या हातांचं गिऱ्हाईक शोध!"

आणि फिस्सकन हसली. ती हसली आणि मला रडू फुटलं.

"ताई! अगं कापडावर नको, डाग पडतील! रडायचंय तर तिकडे इस्त्रीपाशी जाऊन रड. आणि तो खाका दे आधी!"

खेकसली! इतके दिवस काहीही म्हटलं तरी मान खाली घालून 'बरं' म्हणणारी माझी बहीण चक्क माझ्यावर खेकसली. मी नाक पुसत पुसत, खुशीत तिला खाका नेऊन दिला.