फटफटीवरचा कासोटा

गोदावरी पडली ती होटगीच्या अलीकडे, ओढ्याच्या उतारावर. पडताना माणसाला देव आठवतो म्हणतात. तिला मात्र एवढंच वाटलं, की आपला हिशेब चुकला.

फटफटी आडवी पडून धडधडत होती. गोल पातळाचा काठ चेनबरोबर ओढला जाऊन दातेरी चाकात घट्ट आवळला होता. तिनं आधी इंजिन बंद केलं, मग पिशवीतून नाळ कापायची कात्री काढून पातळ कापलं. घोट्याला धुराच्या तापलेल्या नळीचा चटका बसला होता, मनगटात बांगडीची काच रुतली होती. रुळांवरून एक गँगमन धावत आला. पातळ गुडघ्यापर्यंत फाटलेलं पाहून त्यानं आधी मान फिरवली आणि मान फिरवलेल्या स्थितीतच गाडी उभी करून दिली.

"बाई, लई लागलं का?" त्यानं शेताकडे बघत विचारलं.

लागलं होतं, पण त्याहून जास्त उशीर झाला होता. ती पुढच्या गावी पोचली तोवर बाळंतीण सुटली होती. सुखरूप सुटली, हे नशीब. गोदावरीच्या विद्येचा त्यात काही वाटा नव्हता.

गोदावरी सोलापुरातल्या एका माता-बालक संगोपन मंडळाची नर्स. पुण्यात इंटर सायन्सपर्यंत शिकून मग सुईणकामाची परीक्षा दिलेली. होटगीपर्यंत आगगाडी होती, पण बाळंतपणं काही वेळापत्रक पाहून होत नाहीत, आणि गावं स्टेशनापासून आत होती. बैलगाडीनं जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडायचा. मायदेशी निघालेल्या एका साहेबानं आपली फटफटी मंडळाला दिली, तेव्हा ती चालवणार कोण, असा प्रश्न निघाला. गोदावरीनं 'मी' म्हटलं, आणि तिच्या नवऱ्यानं, शाळामास्तर वेणीमाधवानं, शाळा सुटल्यावर मैदानात तिला शिकवलंही.

पडल्याची बातमी तिच्याआधी शहरात पोचली. मंडळाचे चिटणीस एकनाथराव घरी आले, ओसरीवर बसले, पाणी प्यायले आणि मऊ आवाजात म्हणाले की रविवारी सभासद किल्ल्यालगतच्या मैदानावर तिचं चालवणं पाहतील. त्यांचं समाधान झालं तर ठीक. नाहीतर गाडी विकायची आणि पुन्हा बैलगाडी. बैलगाडी म्हणजे होटगीपलीकडची गावं सुटली, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. गोदावरीला ते सांगायची गरज नव्हती. त्या गावांतल्या दिवस गेलेल्या बायका तिला नावानिशी माहीत होत्या.

हिशेब कुठं चुकला, ते तिला दुसऱ्या दिवशी उमगलं. गाडी अंगणात स्टँडवर उभी करून, वर बसून तिनं मापं घेतली होती. पाय दोन्ही बाजूंना टाकता यावेत म्हणून परकराला घेर वाढवला, पातळ सैल नेसलं. सगळं ठाकठीक बसलं होतं. पण उभ्या गाडीला वारा नसतो. उतारावर वारा त्या वाढीव घेरात शिरला आणि कापड शिडासारखं फुगून मागं गेलं. म्हणजे आपण सोयीसाठी जे वाढवलं, त्यानंच घात केला.

वेणीमाधव म्हणाला, माझी विजार घाल. तो चेष्टा करत नव्हता. तिनंही विचार केला. पण विजार घातलेल्या बाईला खेड्यातली कुठली सासू सुनेच्या खोलीत घेणार?

त्या दुपारी तिच्या सासूबाई, यशोदाबाई, सांडगे वाळत घालायला शिडीवरून माळवदावर चढत होत्या. गोदावरी खाली शिडी धरून उभी होती. वर वारा होता, पदर फडफडत होता. पण मागं कासोटा खोचल्यानं कमरेखालचं लुगडं पायांशी बिलगून होतं. दोन पाय दोन वाटांनी मोकळे आणि कापड मात्र जागच्या जागी. गोदावरी बघतच राहिली, आणि मग तिला बरं वाटेना.

कारण या कासोट्यावरूनच त्या घरात भांडण झालं होतं. लग्न होऊन ती पुण्याहून गोल पातळ नेसून आली, तेव्हा यशोदाबाईंनी सांगितलं होतं, कासोटा नाही तर सोवळं नाही, आणि सोवळं नाही तर माझ्या देवघरात आणि चुलीपाशी पाऊल नाही. गोदावरीनं वाद घातला नाही. फक्त गोल नेसणं सोडलं नाही. तेव्हापासून ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसून जेवत होती आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं दाखवत होती. आता माघार घ्यायची ती एका यंत्रासाठी.

सासूबाई खाली उतरत असताना ती म्हणाली, "तुमचं एखादं जुनं लुगडं द्याल?"

"कशाला? पोतेऱ्याला?"

"नेसायला."

यशोदाबाई मधल्याच पायरीवर थांबल्या. "हे कुणी शिकवलं? माझ्या वेणूनं?"

"फटफटीनं."

त्या हसल्या नाहीत, पण लुगडं काढून आणलं. नेसवताना मात्र त्यांनी सुनेला बरंच ऐकवलं: एवढं शिकून कमरेला गाठ मारता येत नाही, निऱ्या म्हणजे काय कागदाच्या घड्या आहेत का, असं. गोदावरी गादीच्या वळकटीवर पाय टाकून बसली आणि हँडल धरल्यासारखे हात पुढं केले, तेव्हा मात्र त्यांना हसू आवरेना. पुढं वाकलं की कासोटा ताणतो, हे त्या वळकटीवरच कळलं. मग दोघींनी मिळून थोडं सैल कापड पुढं ठेवून तो पुन्हा खोचला.

बाकीचं गोदावरीनं जुळवलं. भवानी पेठेत चन्नप्पा घोड्यांची खोगिरं शिवायचा. त्यानं पोटरीपर्यंत येणारे बूट करून दिले, नळीच्या बाजूला चामडं दुहेरी. बांगड्या वर सारून त्यांवर कापडाची पट्टी घट्ट गुंडाळायची. डोक्यासाठी तिनं तान्ह्या बाळाच्या कुंचीचा घाट घेतला, आत कापूस भरून गोधडीसारखे टाके घातले आणि वरून पदर घेऊन हनुवटीखाली बांधला.

यशोदाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "डोक्यावर कुंची, कमरेला सोवळं, पायात चामडं. तुला देवघरात घ्यावं की अंगणात उभं करावं, हे शास्त्रीबुवांनाच विचारायला हवं."

या वेळी गोदावरी उभ्या गाडीवर विसंबली नाही. चेनला काळं वंगण असतं. कापड तिला नुसतं लागलं तरी डाग पडणार. पहाटे रस्ता मोकळा असताना ती भरधाव जाऊन यायची आणि लुगडं उजेडात धरून पाहायची. पहिल्या खेपेला मागच्या काठावर एक काळी रेघ निघाली. तो काठ तिनं आत दुमडून टाके घातले. पुढच्या खेपेला रेघ पुसट. त्यानंतर काही नाही. उतारावर नाही, वळणावर नाही.

रविवारी मैदानावर सभासद खुर्च्या टाकून बसले होते. गोदावरीनं गाडी सरळ नेली, वळवली, वेगात आणून अचानक थांबवली. उतरून ती त्यांच्यापुढं उभी राहिली. बुटांविषयी, कुंचीविषयी, काठाच्या टाक्यांविषयी काय सांगायचं, ते तिनं मनाशी जुळवून आणलं होतं.

कुणी विचारलंच नाही. अध्यक्ष रावसाहेब प्रसन्न होते. "आता कसं घरंदाज दिसतं," ते म्हणाले. "त्या गोल पातळानं घात केला. विलायती वाऱ्याचं फळ, दुसरं काय."

वारा विलायती नव्हता, होटगीचाच होता. हे वाक्य तिच्या जिभेवर आलं. पण सभासद माना डोलवत होते, एकनाथराव सुटल्यासारखे हसत होते, आणि होटगीपलीकडची गावं त्या हसण्यावर टांगलेली होती. तिनं ते गिळलं.

"गाडी तुमच्याकडंच राहील," रावसाहेब म्हणाले.

"मग एक मागणं आहे," गोदावरी म्हणाली. "चेनवर पत्र्याचं झाकण हवं."

"आता कशाला? आता तुमचं नेसणं नीट झालं."

"माझं झालं. चेन आहे तशीच आहे. उद्या माझ्या जागी दुसरी नर्स येईल, ती काय नेसत असेल, कुणी सांगावं? आणि आपल्या धोतराचा सोगाही चेन ओळखत नाही."

रावसाहेबांचा हात नकळत सोग्याकडं गेला. कुणीतरी खाकरलं. एकनाथरावांनी घाईघाईनं सांगितलं की झाकण होऊन जाईल.

घरी आल्यावर तिनं लुगडं सोडून गोल पातळ नेसलं. यशोदाबाई दारातून पाहत होत्या.

"सोडलंस?"

"गाडीवरून उतरले ना."

मैदानावरचं बोलणं वेणीमाधवानं त्यांना सांगितलं होतं. "त्या मंडळींना वाटतं, तू सुधारलीस."

"वाटू दे. गाडी राहिली."

"मलाही तसंच वाटलं होतं. शिडीवर." त्यांनी खाली पडलेलं लुगडं उचललं आणि घडी घालायला घेतलं. गोदावरीनं दुसरं टोक धरलं. एवढं लांब कापड एकटीनं नीट घडी होत नाही. भांडण मिटलं नव्हतं. चूल आतच होती आणि गोदावरी उंबऱ्याबाहेरच उभी होती. पण सासूबाई आत जाता जाता वळल्या.

"उद्या कुठल्या गावाला?"

"होटगीच्या पुढं. पहिलटकरीण आहे, दिवस भरलेत."

"भाकरी बांधून ठेवते. आधी पिशवीत घाल, मग बूट चढव. चामड्याचा हात माझ्या भाकरीला लावायचा नाही."