दारात अडलेली घोडी

कारखान्याच्या अंगणात ट्रॉलीवर उभी असलेली लाकडी घोडी माणसांनी हळूहळू कंटेनरच्या दारापर्यंत ढकलत नेली आणि खट्ट असा आवाज झाला. सगळे जागच्या जागी थबकले. घोडीचे कान दाराच्या वरच्या पोलादी पट्टीला टेकले होते.

घरची सून पुढे धावली. कंटेनर तिनेच निवडला होता.

घोडी नानांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी घडवली होती. नाना जन्मभर लाकूड कोरत आलेले. वर्षभरापासून त्यांचे हात थरथरू लागले होते, त्यामुळे एवढं मोठं काम पुन्हा होणार नाही, हे घरात सगळ्यांना कळत होतं. समुद्रापलीकडच्या एका शाळेसाठी ही घोडी होती. तिथल्या मुलांना दिसत नाही. घोडा म्हणजे काय, हे त्यांना हातांनी कळावं अशी शाळेची इच्छा होती. म्हणून नानांनी एकाच ओंडक्यातून खऱ्याहून थोडी थोराड घोडी काढली. मानेवरचे केस, नाकपुड्या, पोटावरची फुगलेली शीर, सगळं बोटांना लागेल असं.

पाठवायचं काम सुनेकडे होतं. नेहमीचा कंटेनर बुटका पडेल हे ओळखून तिने उंच जातीचा मागवला. आतली उंची विचारली, ट्रॉलीसकट घोडीची मोजली, वर चांगली चार बोटं जागा उरत होती. पण दाराची चौकट छतापेक्षा खाली येते, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

"आडवी करून घालू या का?" कुणीतरी विचारलं.

"पाय मोडतील," नाना म्हणाले. ते आत जाऊन करवत घेऊन आले. "कान उतरवतो. तिकडे गेल्यावर चिकटवतील."

सुनेने करवत त्यांच्या हातातून काढून घेतली.

"नाना, कान कापलेली घोडी त्या मुलांच्या हातात द्यायची? जोडावर बोट फिरलं की त्यांना लगेच कळेल."

"अगं, पण जहाज काय आपल्यासाठी थांबणार आहे?"

"मला तासभर द्या. चूक माझी आहे, मला निस्तरू द्या."

तिने बंदरावरच्या एजंटबाईंना फोन लावला. बाई मोठ्या आवाजाच्या आणि घाईच्या.

"कुठे घोडं अडलं तुमचं?"

"दारातच अडलंय हो, अगदी खरोखरचं!" सून म्हणाली आणि रडू येत असतानाही तिला हसू फुटलं. तिने सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्हाला दारातून न्यायचंच नाही. वरून सोडायचं," बाई म्हणाल्या. "छताच्या जागी ताडपत्री असलेले कंटेनर असतात. उंचातले दोनच उभे आहेत यार्डात. दुसऱ्या कुणी उचलायच्या आत येऊन बघा."

सून निघाली तसे नानाही गाडीत येऊन बसले. "लाकूड माझं आहे," एवढंच म्हणाले.

यार्डात दोन्ही कंटेनर शेजारी शेजारी होते. एक ताज्या निळ्या रंगाचा, नवऱ्या मुलासारखा नटलेला. दुसरा पोचे पडलेला, कडांना गंज, बघूनच नको वाटावा असा. सून निळ्याकडेच वळली. पण आता नुसत्या दिसण्यावर जायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. ती आत शिरली आणि ताडपत्री ओढून दार लावायला सांगितलं. अंधार झाला, आणि डोक्यावर चांदण्या फुटल्या. ताडपत्रीला बारीक बारीक भोकं होती.

नाना खाली वाकून फळ्यांचा वास घेत होते. "पोरी, यात कसलंतरी औषध सांडलंय. लाकूड हा वास पिऊन घेईल. ती मुलं घोडीच्या मानेला नाक लावणार, आणि त्यांना हा वास यायचा?"

मग दोघं गंजक्यात शिरली. दार बंद झालं. मिट्ट काळोख, एकही ठिपका नाही. दाराच्या कडेचं रबर सुनेने बोटाने चाचपलं. कुठे चिरलेलं नव्हतं. गंज वरवरचाच होता. तिने ताडपत्रीवर बाहेरून पाण्याची नळी सोडायला लावली. वर धो धो आवाज झाला, आत थेंबही आला नाही. वास तेवढा जुन्या कोरड्या फळ्यांचा.

"हाच," काळोखात दोघंही एकदमच म्हणाली.

दुपारी अंगणात तो गंजका कंटेनर आला, मागोमाग क्रेन आली. घोडीच्या पोटाखालून रुंद पट्टे घेतले, मध्ये गोधड्या घातल्या. ती जमिनीवरून सुटली तसे नाना पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"सांग मला काय होतंय ते."

"वर गेली... जरा फिरतेय... थांबली. आता कंटेनरच्या वर आहे. पाय आत गेले, नाना. पोट गेलं. मान... हळू, हळू हो दादा!" क्रेनवाल्याने मान डोलावली. "टेकली. नाना, टेकली! सगळी आत आहे."

नानांनी वळून पाहिलं. मग ते तिथेच ओट्यावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हुंदके देत हसले. सून त्यांच्या शेजारी बसली.

पुढचे आठवडे घरात कुणी समुद्राचा विषय काढत नव्हतं. नाना आभाळ भरून आलं की उगाच ओसरीवर फेऱ्या मारायचे.

मग एका दुपारी फोन आला. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. सुनेने फोन नानांच्या कानाशी धरला, पण पलीकडचा गलका तिलाही ऐकू येत होता.

"कोरडी ठणठणीत आलीय," बाई ओरडून सांगत होत्या. "ओरखडासुद्धा नाही! पण आता माझी पंचाईत झालीय. एक मुलगी तासभर पाठीवर बसलीय, उतरायलाच तयार नाही. खाली भांडणं चाललीत."

"भांडू द्या," नाना म्हणाले. "घोडी मजबूत आहे."

फोन ठेवून ते खुर्चीत मागे रेलले, आणि चहा येईपर्यंत घोरायलाही लागले. सुनेने कप झाकून ठेवला आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.