तीनदा वाजलेली घंटी

खरं तर हे मी सांगायचं नव्हतं. "आपल्या दोघींतच राहू दे हं," असं ताईने मला पुसताना बजावलं होतं. पण आता मी इतकी दमलेय, की मनात काही दडवून ठेवायचंही त्राण उरलेलं नाही.

मी दातांच्या दवाखान्यातली घंटी बोलतेय. पितळेची, लाकडी दांडीची. पूर्वी दुखलं की पेशंट हात वर करायचे. एकदा एका बाईंचा हात डॉक्टरांच्या कोपराला लागला आणि फिरतं मशीन त्यांच्या ओठाला घासलं. तेव्हापासून प्रत्येकाच्या हातात मी असते. तोंड उघडं असताना माणसाला बोलता येत नाही, त्याच्या वतीने मी बोलते.

दिवसभर घामेजलेले हात. लहान मुलं दुखायच्या आधीच वाजवतात. मोठी माणसं दुखलं तरी लाजतात.

आमच्या डॉक्टरबाईंचा हात फार हलका. पण वर्षभरापासून मशीनच्या घरघरीत माझा आवाज त्यांना ऐकू येईनासा झाला. ताई त्यांची मदतनीस. मी वाजले की ती मोठ्याने "थांबा!" म्हणायची. डॉक्टरांना वाटायचं, ताई फारच तत्पर.

गेल्या महिन्यात एक बस ड्रायव्हर आले. मला बघून हसले. "जन्मभर हॉर्न वाजवला, आता घंटी?"

काम सुरू झालं. तेवढ्यात बाहेर कुणीतरी दार ठोठावलं आणि ताई उठली. इकडे पाणी ओढणारी नळी ड्रायव्हरकाकांच्या ओठावरून घसरली. पाणी घशात साचलं. त्यांनी मला वाजवलं. पुन्हा वाजवलं. तिसऱ्यांदा तर जिवाच्या आकांताने. मशीन चालूच!

शेवटी त्यांनी मला फरशीवर टाकून दिलं. मी घरंगळत डॉक्टरांच्या पायाशी गेले, तेव्हा कुठे त्यांनी खाली पाहिलं.

काका उठून बसले, खूप खोकले. मग म्हणाले, "डॉक्टर, तीनदा हॉर्न दिला मी."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. ताई धावत आली आणि रडतच सगळं सांगून बसली.

"वर्षभर? आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

"तुम्ही दवाखाना बंद केला असता, डॉक्टर."

"अगं, त्यांचा जीव गेला असता!"

काका ओठ पुसत म्हणाले, "हॉर्न ऐकू येईना, तर आम्हाला कुणी गाडीवर बसू देत नाही."

डॉक्टरांनी त्यांच्या दातात तात्पुरतं सिमेंट भरलं आणि त्याच दिवशी दाराला कुलूप लावलं.

आज कुलूप निघालं. डॉक्टरांच्या कानामागे इवलंसं यंत्र आहे. "जमलं नाही, तर कायमचं बंद," त्या ताईला म्हणाल्या. भिंतीकडे तोंड करून त्यांनी पायाने मशीन सुरू केलं. ताई त्यांच्या मागे उभी राहिली. तिने मला अगदी हळू हलवलं.

डॉक्टरांनी पेडलवरून पाय उचलला.

ताई पदराआड हसली की रडली, मला कळलं नाही. बाहेर काका अर्धा दात घेऊन बसले आहेत. तुम्हीही कधी त्या खुर्चीत बसलात, तर लाजू नका. दुखलं की वाजवा मला. मी दमलेय खरी, पण अजून माझा आवाज—

"ताई, घंटी आण गं! काकांना आत घे."

आले, आले. तर मी काय सांगत होते, माझा आवाज अजून—