झाहारीचा नवा मॉनिटर

आमच्या गावात माणूस मेला की त्याच्या फोटोचं पत्रक दारावर, विजेच्या खांबावर, बसथांब्यावर लागतं. चाळीस दिवसांनी पुन्हा लागतं, सहा महिन्यांनी पुन्हा, मग दरवर्षी. ही पत्रकं माझा नवरा झाहारी छापतो, घराच्या पुढच्या खोलीत. मध्यंतरी कुन्चो गेला आणि झाहारीने पत्रकावर त्याच्या भावाचा, म्हणजे चांगल्या धडधाकट गात्योचा फोटो लावला. गात्यो सकाळी पाव आणायला निघाला, तर खांबावर हाच. तसाच पाय आपटत आमच्या दारात.

"झाहारी, अरे मेलो ते मला कळवायचंस तरी!"

"मॉनिटर खराब झालाय रे. सगळी तोंडं सारखीच दिसतात."

"सारखी? कुन्चोचं नाक होतं की बटाटा!"

गाव पोट धरून हसलं. हसून सोडलं असतं तर बरं झालं असतं, पण लोक छपाईसाठी शेजारच्या गावी जायला लागले. झाहारी ताटावर बसून नुसता पाव चिवडायचा. हे काम गेलं तर हा माणूस खिडकीत बसून संपेल, एवढी एकच भीती मला होती. म्हणून मीही सगळ्या शिव्या त्या मॉनिटरलाच घालत होते.

मग आमच्या मुलीने, सिल्वेनाने, स्टुटगार्टहून नवा मॉनिटर पाठवला. खोका एवढा मोठा की दारातून आडवा घ्यावा लागला. "बाबा, यात पापणीचे केससुद्धा मोजता येतील," ती फोनवर म्हणाली. नवा कॉम्प्युटरही घ्या म्हणत होती, पण झाहारीने ऐकलं नाही. पत्रकाच्या काळ्या चौकटी, अक्षरांचे साचे, गावातल्या मेलेल्या-जित्या सगळ्यांचे फोटो जुन्या कॉम्प्युटरच्या त्या डब्यात, आणि छपाईचा प्रोग्रॅम दुसऱ्या कशावर चालत नाही.

आता जुन्या डब्याच्या पाठीमागची भोकं वेगळी, नव्या मॉनिटरची वेगळी. मी दुकानातून मधे लावायची एक जोडणी आणली. एका बाजूला जुनी निळी पिन बसली, दुसऱ्या बाजूला नवी बसली, आणि मॉनिटर काळा तो काळाच. पुन्हा दुकानात गेले, तर दुकानदारीण म्हणते, "पेना, ही जोडणी नव्या कॉम्प्युटरवरून जुन्या मॉनिटरला जाते. उलटी चालत नाही."

"मग देताना तोंड शिवलं होतं का तुझं?"

तिने दुसरी वायर दिली. जुन्या डब्याला निळ्या भोकाशेजारी एक पांढरं रुंद भोकही होतं, त्यात ती बसली. या खेपेला चित्र आलं, पण दोन्ही बाजूंनी ओढलेलं. शिंपीण दोब्राचं वर्षश्राद्ध होतं, तिचा फोटो उघडला तर बाई मधमाश्या चावल्यासारखी दिसली. झाहारी खुर्चीत बसून दाराकडे बघत होता. मी सिल्वेनाला फोन लावला.

"आई, सेटिंगमध्ये मॉनिटरच्या ठिपक्यांची पूर्ण संख्या मागू नकोस, तुमच्या जुन्या डब्याला ती पेलवणार नाही. बरोबर निम्मी माग. उभी निम्मी, आडवी निम्मी. मग चार ठिपके मिळून एक होतील आणि अक्षरं मोठी, रेखीव दिसतील."

तिने सांगितलं तसं मी आकड्यांवर टिचकी मारली. स्क्रीन एकदा काळी झाली, आणि मग दोब्रा उघडली. काय सांगू! ओठांवरची मऊ लव दिसत होती, कानातल्या डुलाचा खडा दिसत होता. मी टाळ्याच वाजवल्या.

"बघ झाहारी! आता बोल, गात्यो आहे का ही?"

"छान आहे."

"अरे, इकडे बघून बोल ना!"

"इकडेच बघतोय."

"दाराकडे बघतोयस तू."

"दाराकडे बघितलं," तो हळूच म्हणाला, "की ती जराशी दिसते. सरळ बघितलं की मधोमध काही नसतं."

माझे हात टाळीतच राहिले. "कधीपासून?"

"द्राक्षं काढली ना, तेव्हापासून. मला वाटलं, मॉनिटरच असेल."

"आणि मी?"

"तुझे केस दिसतात. कान दिसतात."

मला त्याचा इतका राग आला की दोन थोबाडीत द्याव्यात, आणि इतकं रडू आलं की हात उचलवेना. जुना मॉनिटर होता तोवर त्याला दोष देता येत होता. आता तो आधारही गेला.

फोन चालूच होता. "आई? दिसतंय का बाबांना?"

झाहारीने मान हलवून मला खुणावलं, हो म्हण. मी नाही म्हटलं. "सिल्वेना, मॉनिटर उत्तम आहे बाळा. तुझ्या बाबाचे डोळे गेलेत. उद्या पहिल्या बसने मी त्याला मोठ्या दवाखान्यात नेते." तिकडून ती म्हणाली, "मी येते."

फोन ठेवला. झाहारी गुडघे चोळत म्हणाला, "मग संपलं म्हणायचं."

"काय संपलं? दोब्राची बहीण संध्याकाळी पत्रकं न्यायला येईल. सरक तिकडे." मी त्याला बाजूच्या स्टुलावर ढकललं आणि माउस हातात घेतला. "बघायचं काम माझ्याकडे. फोटो बरोबर आहे की नाही ते तू सांग."

त्याने स्टूल पुढे ओढलं. मग म्हणाला, "डावी भुवई बघ. लहानपणी झोपाळ्यावरून पडली होती. मधे केस उगवले नाहीत पुन्हा."

मी बघितलं. बोटभर जागा कोरी होती, आजवर माझ्या कधी लक्षात आली नव्हती. "आहे."

"मग दोब्राच. छाप."

मी छपाईचं बटण दाबलं. यंत्र खडखडत पहिला कागद ओढायला लागलं. झाहारीने तोंड दाराकडे फिरवलं आणि तसाच बसून राहिला. मी मुळीच हलले नाही, म्हटलं बघू दे त्याला मला.