उजवा हात कुठे होता

बारांकियाच्या धक्क्यावर पाणबुड्याला डोळ्यांचा काही उपयोग नाही. मग्दालेना नदीचं पाणी तिथे काकवीसारखं असतं. खाली गेलो की मी डोळे मिटूनच घ्यायचो. उजव्या हातात सुरी. डावा हात चाचपत पुढे जायचा आणि जागा धरून ठेवायचा. आपण कुठे आहोत हे अंधारात डाव्याला बिनचूक कळायचं. उजवा ताकदवान, पण दिसलं तरच शहाणा. माझी थोरली बहीण नूबिया वर दोर धरून बसायची. ती चिडवायची, "एली, तुझा उजवा म्हणजे नवरदेव आहे रे. वाट दाखवायला करवली लागते त्याला."

त्या सकाळी एका टगबोटीच्या पंख्यात नायलॉनचा जाड दोर गुंडाळला होता. निम्म्याहून जास्त कापला, तेवढ्यात शेजारून मोठं जहाज गेलं. टगबोट हेलकावली, पंखा जरासा फिरला, आणि दोर आवळला तो माझ्या उजव्या मनगटासकट.

सुरी सुटली. ती मनगटाला बांधलेली होती, म्हणून लोंबत राहिली. मी हात ओढला; फास आणखी घट्ट झाला. आधी कळ आली, मग मुंग्या, मग काहीच नाही.

छातीच्या पट्ट्याला बांधलेल्या दोराला वरून एक हिसका बसला. म्हणजे, ठीक आहेस ना? उत्तर गेलं नाही तर नूबिया मला ओढणार, आणि ओढलं तर मनगट तुटणार. मी डाव्या हातानं दोन हिसके दिले. थांब.

मला वाटत होतं, उजवा हात कानाजवळ आहे. डाव्यानं तिथे चाचपलं. नुसतं पाणी. आणखी वर, काही नाही. माझाच हात मला सापडेना. शेवटी तो मिळाला छातीच्या खाली, वाकडा, गार, मेलेल्या माशासारखा.

सुरी डाव्यात घेतली आणि दोरावर चालवली. दोर मऊ लागला. इतका मऊ? मी थबकलो, करंगळीनं बघितलं. तो दोर नव्हता. माझा अंगठा होता, आणि पात्याखाली मांस उघडं पडलं होतं. दुखलंच नव्हतं.

मी ओरडलो. मुखवट्यातल्या मुखवट्यात माझाच आवाज कानावर आदळला. श्वास एवढा जोरात चालला होता, की नळीतली हवा पुरेना. "सांता मार्ता माउली," म्हणत राहिलो. दुसरं काही सुचेना.

मग उजव्याला काय वाटतंय ते विचारणंच सोडलं. डावी करंगळी मनगटाच्या हाडावर टेकवली, पातं तिच्यापासून बाहेरच्या बाजूला धरलं आणि एकेक पीळ कापत गेलो. मध्येच वरून पुन्हा हिसका. सुरी सोडायची, थांब म्हणायचं, परत मनगट शोधायचं. दर वेळी भीती, की या वेळी नाही सापडणार.

दोर तुटला आणि नूबियानं मला खेचून घेतलं.

"हात बघू!" ती म्हणाली.

"आहे का गं?"

"आहे रे, मेल्या, आहे!" ती रडतच माझ्यावर खेकसली.

अंगठ्याला टाके पडले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला डोळे मिटायला लावले आणि उजव्या हाताचं एक बोट हलवलं. "सांगा, वर की खाली?"

"वर."

बाईंनी तेच बोट पुन्हा हलवलं.

"पुन्हा सांगा."

"वरच. नाही... खाली?"

मी डोळे उघडले. बाई लिहीत होत्या. नूबिया खिडकीकडे बघत होती.

पावसाळा सरेपर्यंत बोटांत जीव आला. आता चमचा धरतो, बटणं लावतो, बघून. एकदा धक्क्याच्या पायऱ्यांवर कमरेइतक्या पाण्यात उतरलो आणि डोळे मिटले. डावा हात होता. उजव्या बाजूला खांद्यापुढे नुसतं पाणी होतं. मी धडपडत वर आलो.

"ताई, दुसरा पाणबुड्या बघ," मी म्हणालो.

"बघितलाय मी," नूबिया म्हणाली. "तू दोर धरायला ये. डाव्या हातानं."