मुलाखतीचा फार्स

मराठीच्या कायम जागेसाठी इंदिरानगरातल्या एका कॉलेजात तीन उमेदवार आले होते. योगिनी तिथेच आठ वर्षं तासांवर शिकवत होती, रोज सिन्नरहून एसटीनं यायची. अंजली मालेगावची. तिसरा रविराज, संस्थेच्या सचिवांचा जावई. तो व्हरांड्यात थांबलाच नाही. सरळ सासऱ्यांच्या केबिनमध्ये गेला, आणि आतून हसण्याचे आवाज यायला लागले.

थोड्या वेळानं शिपाई नाथा पेढ्यांचे खोके घेऊन आला. योगिनीला बघून त्यानं नजर चुकवली.

"पेढे कशाचे, नाथाभाऊ?"

"मला काय इचारता मॅडम. आणायला सांगितले, आणले."

अंजली म्हणाली, "मग आपल्याला कशाला बोलावलं?"

"संस्थेचा नियम आहे. हजेरीच्या कागदावर तीन उमेदवारांच्या सह्या असल्याशिवाय निवड ग्राह्य धरत नाहीत," योगिनी म्हणाली. आतल्या आत ती धुमसत होती.

पहिला पुकारा तिचाच झाला. टेबलामागे सचिव, प्राचार्य आणि बाहेरून आलेले एक तज्ज्ञ. सचिव मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. तज्ज्ञांनी जांभई दाबत विचारलं, "नाटक शिकवता ना? फार्स म्हणजे काय, सांगा."

"मूळ फ्रेंच शब्द, सर. सारण भरणं. धार्मिक नाटकांच्या अधेमधे हसवणारे प्रसंग भरायचे, त्यावरून आला. पुढे गैरसमज, लपाछपी, पळापळ यांवर चालणाऱ्या नाटकाला फार्स म्हणायला लागले."

"बरं."

"आपल्याकडे आणखी एक अर्थ रुळलाय. चौकशीचा फार्स, निवडीचा फार्स. निकाल आधीच ठरलेला असतो, नुसता देखावा करायचा."

"उदाहरण?" तज्ज्ञांनी सवयीनं विचारलं.

"पेढे आधी येतात, मुलाखत नंतर होते."

सचिवांनी मोबाइल खाली ठेवला. "तोंड सांभाळून बोला. आठ वर्षं आम्ही तुम्हाला पोसलं."

"आठ वर्षं मी शिकवलंय. पोसून घ्यायला तुमच्या दारात आले नव्हते."

"जूनपासून एक तास मिळणार नाही."

"ते तुम्ही कधीच ठरवलं असणार."

योगिनीनं प्राचार्यांकडे पाहिलं. दर वर्षी "यंदा तुमचं काम नक्की" म्हणणारा हा माणूस आता पेनाच्या टोपणाशी चाळा करत बसला होता. सचिवांपेक्षा तिला त्याचाच जास्त संताप आला. हजेरीचा कागद प्राचार्यांनी पुढे सरकवला. ती सही न करताच उठली.

फाटकापर्यंत सचिव मागे आले. "सही करा आणि मग कुठं जायचं तिथं जा."

"नाही करणार."

"तुमच्या सहीवाचून आमचं काही अडत नाही."

"मग धावत कशाला आलात?"

व्हरांड्यातून हे ऐकणाऱ्या अंजलीनं पर्स खांद्याला लावली. "थांबा, मीही येते," ती म्हणाली आणि सचिवांच्या शेजारून निघून आली.

त्या दिवशीची निवड रद्द करावी लागली. महिन्याभरानं मुलाखती पुन्हा झाल्या. या वेळी तिन्ही उमेदवार सचिवांच्या गोतावळ्यातले होते, आणि रविराज लागला. योगिनीला ना बोलावणं आलं, ना जूनमध्ये तास मिळाले. तिनं सिन्नरमध्येच दहावीच्या मुलांच्या शिकवण्या धरल्या.

दिवाळीच्या सुमारास सिन्नरच्या स्टँडवर प्राचार्य समोर आले. हसून म्हणाले, "काय मॅडम, कसं चाललंय?"

"तुमच्याशी बोलायची इच्छा नाही मला," योगिनी म्हणाली, आणि ते बाजूला होईपर्यंत त्यांच्याकडे रोखून बघत राहिली.