ताटलीतली चौथी वडी

उंद्रीच्या बालकांना मँडरिनमधून आकडे शिकवण्याचे प्रयोजन काय, असे चिंतामणरावांनी मुलीला पहिल्याच दिवशी विचारले होते. शरयू चार वर्षे तैवानमधल्या एका बालवाडीत शिकवून गावी परतली होती.

"या वयात कान कोवळे असतात, बाबा. आणि समोर खाऊ असला की मूल कोणत्याही भाषेत मोजतं."

बाहेरच्या खोलीत तिने वर्ग मांडला. केळ्याच्या चकत्या आणि उकडलेल्या गाजराचे तुकडे वाटीत टाकत अडीच-तीन वर्षांची मुले आधी "यी, अर, सान" म्हणत, मग "वन, टू, थ्री". मोजलेले खायची मुभा असे. शेंगदाणे मात्र वर्ज्य होते. ते या वयात श्वासनलिकेत अडकतात, हा चिंतामणरावांचा एकमेव सल्ला तिने निमूट मानला होता. अकरा वाजता घरी स्वयंपाकाला येणाऱ्या आशाबाई मुलांना ताटल्यांतून खाऊ वाढत. वर्ग चांगला चालला, तर शरयू कायमची इथेच राहणार होती.

चिंतामणरावांनी तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले होते. शब्दांची माळ म्हणता येणे म्हणजे मोजता येणे नव्हे, हा त्यांचा आक्षेप होता आणि तो शास्त्राला धरून होता. दोन महिन्यांनी वर्गातल्या छकुलीचे वडील रामराव कट्ट्यावर म्हणाले, "गुरुजी, पोट्ट्याइले खरंच काही येते, का नुसती पोपटपंची हाय?" तेव्हा चिंतामणरावांनी परीक्षा घेण्याचा शब्द देऊन टाकला.

परीक्षा पालकांसमोर झाली. वर्गातल्या वाट्या मुलांच्या सवयीच्या, म्हणून चिंतामणरावांनी त्या बाजूला सारून स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या ताटल्या मागवल्या. प्रत्येक मुलाने राजगिऱ्याच्या वड्या ताटलीत ठेवायच्या: तीन. दोन कोणालाही जमतात, चारची अपेक्षा अवाजवी. तीन हीच खरी कसोटी. आकडा त्यांनी मराठी, इंग्रजी आणि मँडरिन, तिन्हींत सांगितला.

छकुलीने तीन वड्या ठेवल्या, ताटलीकडे पाहिले आणि चौथी ठेवली. पुढच्या मुलाने तेच केले. अकरा मुलांपैकी नऊ चुकली.

"बाबा, एकदा वाटीत घेऊन बघा," शरयू हळूच म्हणाली. "काहीतरी वेगळं घडतंय."

"निकाल आवडला नाही म्हणून पद्धत बदलत नसतात," ते म्हणाले. पालकांकडे वळून त्यांनी निष्कर्ष सांगितला: मुले पाठ म्हणतात, मोजत नाहीत.

त्या पंधरवड्यात सात मुले यायची थांबली, मग उरलेली. शरयूने वाद घातला नाही. तिने पुण्यात एका शाळेत नोकरी धरली आणि वाट्या धुऊन, पुसून फळीवर रचून ठेवल्या.

दीड महिन्यानंतरची गोष्ट. दुपारी जेवताना चिंतामणरावांनी भजी मागितली. आशाबाईंनी तीन वाढली आणि लगेच चौथे टाकले.

"तीनच पुरेत."

"तीन कशी वाढू, गुरुजी? ताटात तीन नाही वाढत, अशुभ असते." त्या हसल्या. "आपल्या वर्गातली पोट्टी तं माह्यापेक्षा हुशार झालती. चुकून ताटलीत तीन वड्या पडल्या का वरडत, आशाबाई, अजून एक."

भजे त्यांच्या हातातच राहिले. ही रीत त्यांनी जन्मभर ताटात पाहिली होती, तिला खुळचट म्हणून झाले होते आणि म्हणूनच ती त्यांना दिसेनाशी झाली होती.

परीक्षेची वही त्यांनी काढली. न येणाऱ्याची चूक विखुरते: कोणी दोन ठेवते, कोणी पाच, कोणी सगळ्या. इथे नऊच्या नऊ ठिकाणी चार होते, आणि तेही वाटीत नव्हे, ताटलीत. तीन ठेवणारी दोन मुले त्याच आठवड्यात वर्गात आलेली, आशाबाईंच्या वाढण्याला अजून न सरावलेली. तीन ओळखल्याखेरीज तीन टाळता येत नाहीत. अकरावीच्या विद्यार्थ्याने अशी नोंद आणली असती, तर त्यांनी वही परत फेकली असती.

संध्याकाळी ते रामरावांच्या ओसरीवर गेले आणि सारे क्रमाने सांगितले. रामरावांनी चहा मागवला.

"मंग आता काय म्हनता, गुरुजी?"

"माझी परीक्षा चुकली. मुलांना येत होतं."

"तुमीच तं चारचौघात सांगतलं होतं, शास्त्रानं. आता तुमीच म्हनता चुकलं." रामरावांच्या आवाजात राग नव्हता. "तवाचं खरं, का आताचं? आन् छकुली आता दुसऱ्या बालवाडीत जाऊन राह्यली. रमली तिथं."

घरी येऊन त्यांनी शरयूला फोन लावला. निरीक्षण, त्रुटी, निष्कर्ष या क्रमाने बोलले.

"रीत माझ्या ध्यानात आली नव्हती," ती शेवटी म्हणाली. "पण पोरं मोजत होती, एवढं मला माहीत होतं."

"मग भांडली का नाहीस?"

"कोणाशी? ते सगळे तुमच्याकडे बघत होते, बाबा."

"परत ये. मी घरोघरी जाऊन सांगतो."

"इथे मी मार्चपर्यंत करारानं बांधलेली आहे," ती म्हणाली. "आणि सांगून फिराल, तरी एकदा फसलेल्या वर्गात कोण मूल घालेल? मी तरी घातलं नसतं."

तिचे म्हणणे सयुक्तिक होते. चिंतामणरावांनी तसे तिला सांगितलेही. पण 'माझं चुकलं' हे आपण तिला म्हणालोच नाही, हे त्यांना फोन ठेवल्यावर कळले.